कापडावरचा अंमल

रायपूर शहरातील पंडरी हा भाग कापडाच्या व्यापारासाठी प्रसिद्ध आहे. तेथे कोणते कापड कोणत्या भावाने विकावे, हे आज कोणताही सरकारी अधिकारी ठरवीत नाही. ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, तिलाही इतिहास आहे हे सहसा ध्यानात येत नाही. आपला देश नियंत्रणाकडून बाजाराकडे वळला तो १९९१ साली, असे आपण म्हणतो. कापडाने मात्र ही वाट फार पूर्वी धरली होती, आणि त्या वाटेवर एकदा परतही फिरावे लागले होते.

दुसऱ्या महायुद्धात लष्कराची मागणी वाढली, बाजारात कापड मिळेना, तेव्हा जून १९४३ मध्ये सरकारने नियंत्रणाचा हुकूम काढला. गिरणीतल्या कापडावर कमाल किंमत छापली जाऊ लागली. रायपूर तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होते आणि राजधानी नागपूर होती. ‘कंट्रोल’ हा शब्द त्याच दिवसांत मराठी घरांत येऊन बसला, आणि त्याच्या पाठोपाठ ‘काळाबाजार’ही आला.

स्वातंत्र्यानंतर नियंत्रणे उठवावीत, असा आग्रह महात्मा गांधींनी धरला. जानेवारी १९४८ मध्ये कापड मोकळे झाले. पण माल अपुरा होता. भाव भडकले आणि काही महिन्यांतच सरकारला पुन्हा नियंत्रण आणावे लागले. पुढे गिरण्यांचे उत्पादन वाढले, माल साचू लागला, आणि १९५३ साली भाव व वितरण यांवरील बंधने उठली, तेव्हा तसा हाहाकार झाला नाही. निर्णय तोच, फरक होता तो कोठारातल्या मालाचा.

तरीही शासनाने हात पूर्णपणे काढून घेतला नाही. गरिबाला स्वस्त वस्त्र मिळावे म्हणून १९६४ पासून धोतर, साडी, मांजरपाट, शर्टिंग व ड्रिल यांचा ठरावीक भाग गिरण्यांनी नेमून दिलेल्या किमतीला विकावा, असे बंधन आले. पुढे हे ओझे सरकारी गिरण्या आणि हातमाग यांच्यावर सरकत गेले.

रशियात २ जानेवारी १९९२ रोजी बहुतेक भाव एका दिवसात मोकळे करण्यात आले. दुकाने रिकामी, मक्तेदारी कायम. वर्षभरात किमती पंचवीसेक पटींनी वाढल्या आणि सामान्य माणसाची आयुष्यभराची शिल्लक मातीमोल झाली. १९४८ सालचा आपला अनुभव त्याच जातीचा होता, प्रमाण तेवढे लहान.

शासनाच्या कामात आयुष्य घालविणाऱ्या माणसाला यातून एक गोष्ट जाणवते. नियंत्रण उठविण्यास एक सही पुरते. बाजार उभा राहण्यास पुरवठा, स्पर्धा आणि सर्वांना सारखे लागू होणारे नियम लागतात. आणि एवढे जुळून आले तरी हिशेब पुरा होत नाही. १८७७ साली सुरू झालेली नागपूरची एम्प्रेस मिल आणि रायपूरजवळच्या राजनांदगावची बंगाल नागपूर कॉटन मिल, या दोन्ही गिरण्या आधी सरकारच्या ताब्यात गेल्या व नव्या शतकाच्या आरंभी बंद पडल्या. पंडरीत गिऱ्हाइकाला आज हवे ते कापड निवडता येते, हा लाभ खरा आहे. त्या लाभाची किंमत ज्या कामगारांनी मोजली, त्यांची नोंद मात्र कोणत्याही भावफलकावर सापडत नाही. ती ठेवणे हे इतिहासाचे काम, आणि त्यांची सोय आधी लावणे हे शासनाचे.