एकच प्रत

मागच्या शनिवारी घरी गेलो होतो, श्रीवर्धनला. ताम्हिणी उतरून माणगाव, म्हसळा करत पोचेपर्यंत दुपार झाली. जेवण होतंय न होतंय तोच आईने फर्मान काढलं, "तुझ्या वह्या ठेवायच्यात की रद्दीत द्यायच्यात ते एकदा सांग." माळ्यावरून ट्रंक खाली आली. त्यात आठवीची भूगोलाची वही मिळाली आणि तिच्या शेवटच्या पानावर माझ्याच अक्षरात एक यादी. वर लिहिलं होतं, 'हस्तलिखित, संपादक मंडळ'. खाली आलेल्या लेखांची नावं. चार नावांपुढे फुली.

त्यातल्या एका फुलीने आठवडाभर डोकं खाल्लंय, म्हणून हा लेख.

मराठी शाळेत शिकलेल्यांना हस्तलिखित म्हणजे काय ते सांगायला नको. इतरांसाठी: वर्षातून एकदा मुलांकडून लेख, कविता, विनोद, कोडी गोळा करायची, चांगल्या अक्षराच्या मुलामुलींकडून ती आखलेल्या कागदांवर उतरवून घ्यायची, चित्रकलेच्या सरांकडून मुखपृष्ठ काढून घ्यायचं, दाभणाने भोकं पाडून शिवायचं आणि स्नेहसंमेलनात पाहुण्यांच्या हस्ते प्रकाशन करायचं. प्रत एकच. प्रकाशनानंतर ती कपाटात जायची आणि थेट पुढच्या वर्षी, 'मागच्या वर्षीचं कसं होतं बघू' म्हणून बाहेर यायची.

ही पद्धत आली कुठून? थोडं शोधलं तर धागा बराच मागे जातो. 1848 साली मुंबईत एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या आजी-माजी विद्यार्थ्यांनी प्रा. पॅटन यांच्या प्रोत्साहनाने एक सभा काढली. दादाभाई नौरोजी त्यात होते. मुलांनी निबंध लिहून आणायचे, सगळ्यांसमोर वाचायचे, मग त्यावर चर्चा. त्याच वर्षी तिची मराठी शाखा निघाली, ज्ञानप्रसारक सभा. अध्यक्ष दादोबा पांडुरंग, आपल्या व्याकरणाचे दादोबा. 1850 पासून 'मराठी ज्ञानप्रसारक' नावाचं मासिक सुरू झालं. म्हणजे आजच्या भाषेत कॉलेजचा क्लबच की! फरक इतकाच की या पोरांनी नुसते निबंध वाचले नाहीत. 1849 मध्ये त्यांनी मुलींसाठी शाळा काढल्या आणि सुरुवातीला पगार न घेता स्वतः जाऊन शिकवलं. आमच्या वाङ्मय मंडळाची सगळ्यात मोठी कामगिरी म्हणजे फळ्यावर रोज नवा सुविचार.

दुसरा धागा आमच्या जवळचा आहे. श्रीवर्धनहून हरिहरेश्वरच्या पुढे बागमांडल्याला जायचं, फेरीबोटीने बाणकोटची खाडी ओलांडली की मंडणगड-दापोलीचा मुलूख लागतो. तिथल्या पालगडचे साने गुरुजी. 1924 साली ते खानदेशात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. पुढे वसतिगृहाचं काम आलं आणि त्यांनी मुलांसाठी हाताने लिहिलेलं दैनिक सुरू केलं, 'छात्रालय'. दैनिक, बरं का! रात्री जागून स्वतः लिहायचं आणि सकाळी मुलांना वाचायला ठेवायचं. आम्हाला वर्षाकाठी एक अंक काढताना घाम फुटायचा. 1928 साली त्यांनी 'विद्यार्थी' हे छापील मासिकही काढलं. 1930 मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले.

त्या काळात श्रीवर्धन इंग्रजांच्या थेट अंमलाखाली नव्हतं, जंजिऱ्याच्या सिद्दीच्या संस्थानात होतं. 1948 ला संस्थान विलीन झालं, गाव कुलाबा जिल्ह्यात आलं आणि 1981 ला कुलाब्याचा रायगड झाला. गावाबाहेर ओळख विचाराल तर दोनच उत्तरं मिळतील: पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचं गाव आणि रोठा सुपारी. आमच्या हस्तलिखितात दर वर्षी या दोन्हींवर एकेक लेख असायचाच. मजकूरही बहुतेक तोच, फक्त लिहिणारा बदलायचा. कॉपी-पेस्ट आम्ही कॉम्प्युटर येण्याआधीच शिकलो होतो!

आता फुलीची गोष्ट.

2010 साल. मी आठवीत आणि संपादक. अक्षर बरं होतं, एवढीच पात्रता. वर्गात जीवना बंदराकडचा एक मुलगा होता. वडिलांची होडी. त्याने एक पान लिहून दिलं, 'भरती कशी ओळखावी'. अक्षर म्हणजे मुंग्यांनी शाई तुडवलेली. शुद्धलेखन विचारूच नका. शिवाय 'हाय', 'नाय' असं घरी बोलतात तसंच लिहिलेलं. मी वाचलंसुद्धा नाही नीट. "नंतर शुद्ध करून घेऊ" म्हणालो आणि फुली मारली. त्या जागी माझा निबंध गेला, 'संगणक: शाप की वरदान'. हसू नका.

त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पुढच्या वर्षी मात्र त्याने काही लिहून दिलं नाही.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. मी लॉकडाऊनमध्ये पुण्याच्या खोलीत, पहिली नोकरी, लॅपटॉपसमोर. घरचे फोन बंद. काही दिवसांनी आवाज ऐकू आला तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "माणसं आहेत. वाडी नाही." सुपारीची झाडं काडीसारखी मोडली होती. एक पोफळ धरायला लागायला सहा-सात वर्षं जातात, तेव्हा नुकसान पैशात मोजून भागत नाही. या सगळ्यात हस्तलिखितांची चौकशी कोण करणार? बऱ्याच महिन्यांनी आमच्या बाईंनी सांगितलं, कौलं उडाली त्या खोलीतच कपाट होतं. कागदाचा लगदा झाला. वर्षानुवर्षांचे अंक, प्रत्येकाची एकच प्रत. बॅकअप नाही की काही नाही. माझा शाप आणि वरदान दोन्ही वाहून गेले, त्याचं फार दुःख नाही.

पण विचार करताना लक्षात आलं की वादळाने फक्त कपाटात होतं तेच नेलं. जे कपाटापर्यंत पोचलंच नाही, ते तर आम्ही आधीच घालवलं होतं. ज्ञानप्रसारक सभेत निबंध वाचून दाखवायचे, तिथे अक्षर आड येत नसे. आमच्याकडे अक्षर हाच प्रवेशाचा दाखला होता. ज्याच्या घरी पाटी गिरवून घेणारं कुणी आहे त्याचा लेख आत, बाकीचे बाहेर. आणि गंमत म्हणजे पेशव्यांवर लिहिलेलं कुठल्याही पुस्तकात मिळेल. भरतीचं ते पान कुठे मिळणार?

रविवारी सकाळी जीवना बंदरावर गेलो. तो जाळं नीट करत बसला होता. वही दाखवली. फुली बघून हसला. "अरे, तुला तेवढं आठवतंय? मी विसरलो पण."

"लेखात काय होतं ते सांग ना."

"तू इंजिनियर ना? मग लिहून घे."

म्हणून पंधरा वर्षं उशिराने, त्याला विचारून, इथे देतोय: आजची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. जो आकडा येईल त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर तीन, अष्टमी असेल तर सहा. दिवसाही तेच, रात्रीही साधारण तेच. त्यापुढे सहा तासांनी पूर्ण सुकती. पुनवेला आणि अवसेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही.

घरी येऊन पडताळून पाहिलं. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, आणि पाऊण तास म्हणजे 45. थोडं इकडेतिकडे होतं, पण होडी काढायला पुरे. भूगोलात भरती-ओहोटीच्या धड्याला मला पैकीच्या पैकी मार्क होते. तरी भरती किती वाजता ते मला कधीच सांगता आलं नसतं.

निघताना त्याला म्हटलं, अजून काही असेल तर सांग, मी लिहितो. तो म्हणाला, "वाऱ्यांचं आहे. पण ते बसून सांगायला लागेल."

दिवाळीला जातोय. या वेळी वही कोरी नेणार आहे.