सांगणं, ऐकणं आणि सांगायला लावणं : इंग्रजी सर्वनामांच्या वादाचा इतिहास

आजचा विषय वरवर पाहता व्याकरणाचा आहे. तुमच्यापैकी ज्यांची मुलं-नातवंडं अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये नोकरीला आहेत, त्यांनी ऑफिसच्या ई-मेलखाली नाव, हुद्दा आणि त्याच्या शेजारी 'शी, हर' किंवा 'दे, देम' असे शब्द पाहिले असतील. तिकडच्या नाटकमंडळींत हीच गोष्ट तोंडी होते. तालमीच्या पहिल्या दिवशी नट, दिग्दर्शक, प्रकाशयोजना आणि कपडेपट सांभाळणारी माणसं असे सगळे गोल करून बसतात. प्रत्येकानं आपलं नाव, आपलं काम आणि आपल्याला कोणतं सर्वनाम लावावं ते सांगायचं. गेल्या दहा-पंधरा वर्षांत ही पद्धत बरीच पसरली, आणि तिच्यावरून वादही तितकेच पेटले.

एक बाजू म्हणते, हा साधा शिष्टाचार आहे. दुसरी म्हणते, ही शपथ घ्यायला लावणं आहे. आमचं म्हणणं असं की, या दोघांचं भांडण एका गोष्टीवरून नाहीच. एकाच नावाखाली दोन-तीन निरनिराळ्या गोष्टी गोळा झाल्या आहेत. त्या सुट्या करायच्या तर साडेतीनशे वर्षं मागे जावं लागतं.

त्याआधी एक फरक लक्षात घेऊ. इंग्रजीत 'आय'ला लिंग नाही, 'यू'ला नाही, क्रियापदाला तर नाहीच. लिंग दिसतं ते फक्त तिसऱ्या एका माणसाविषयी बोलताना. म्हणजे इंग्रजीत सर्वनाम सांगणारा माणूस 'माझ्याशी कसं बोला' हे सांगत नसतो. 'माझ्याविषयी दुसऱ्याशी कसं बोला' हे सांगत असतो. तालमीत हे क्षणोक्षणी होतं. दिग्दर्शक सहायकाला म्हणतो, तिला जरा पुढे घे, त्याच्यावरचा दिवा कमी कर. मराठीचं तसं नाही. 'मी आलो' की 'मी आले' हे ठरल्याशिवाय आपलं वाक्यच पुरं होत नाही. म्हणून ही मागणी आपल्याला जरा चमत्कारिक वाटते. आपण दर दोन वाक्यांनी ते सांगतच असतो. 'आम्ही आलो', 'तुम्ही आलात' असं आदराचं किंवा अनेकवचनी बोललं, की मात्र आपल्याकडेही लिंग दिसेनासं होतं. अनेकवचनाचा हा गुण ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता इतिहास. 1650च्या सुमारास इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स या धर्मोपदेशकाभोवती एक पंथ जमला. लोक त्यांना क्वेकर म्हणू लागले. त्या काळच्या इंग्रजीत 'दाऊ' म्हणजे आपलं 'तू', आणि 'यू' म्हणजे आपलं 'तुम्ही'. मालक नोकराला 'दाऊ' म्हणे, नोकर मालकाला 'यू'. क्वेकर म्हणाले, ईश्वरापुढे सगळे सारखे, मग एकट्या माणसाला अनेकवचन कशासाठी? न्यायाधीश असो, सरदार असो, त्याला 'दाऊ'च म्हणायचं आणि त्याच्यापुढे टोपीही काढायची नाही. 1660 मध्ये फॉक्स आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी निरनिराळ्या भाषांतली एकवचनं आणि अनेकवचनं मांडून एक आख्खं पुस्तक छापलं. एका सर्वनामासाठी एवढा खटाटोप! या हट्टापायी क्वेकरांनी शिव्या खाल्ल्या, मारही खाल्ला.

पुढे काय झालं? समता आली, पण उलट्या वाटेनं. इंग्रजी समाजानं 'दाऊ' सगळ्यांना द्यायच्या ऐवजी 'यू' सगळ्यांना दिलं. अनोळखी माणसाला चुकून कमी लेखण्यापेक्षा चुकून मान दिलेला बरा, असा तो व्यवहारी हिशेब असावा. अनेकवचनाचा गुण म्हणालो तो हा. रोजच्या प्रमाण बोलीतून 'दाऊ' गेलं. क्वेकर घरांतून मात्र त्याचं एक रूप पुढे कितीतरी पिढ्या टिकलं. पण आता त्याचा अर्थ बदलला होता. उच्चनीच मोडायला उचललेलं सर्वनाम 'हा आपला माणूस' हे ओळखायची खूण होऊन बसलं.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. सर्वनाम हा सद्सद्विवेकाचा प्रश्न होऊ शकतो. त्याला क्षुल्लक म्हणून हसणाऱ्यांनी क्वेकरांची आठवण ठेवावी. आणि सर्वनामाचा बिल्ला व्हायला वेळ लागत नाही. हे त्याचा आग्रह धरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

दुसरा प्रसंग पार्लमेंटचा. अठराव्या शतकातल्या व्याकरणकारांनी एक नियम रुजवला, की स्त्री की पुरुष हे माहीत नसेल तिथे 'ही' म्हणजे 'तो' वापरावा; त्यात स्त्रिया आल्याच. लोक अशा जागी चौदाव्या शतकापासून 'दे' वापरत आले होते, ते अशुद्ध ठरवलं गेलं. 1850 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटनं कायदाच केला, की कायद्यातल्या पुल्लिंगी शब्दांत, वेगळं सांगितलं नसेल तर, स्त्रियांचाही समावेश समजावा. आपल्याकडे 1897च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमात हीच तरतूद आहे.

आता गंमत बघा. 1867 मध्ये मतदानाचा हक्क वाढवणारं विधेयक आलं. तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल तेव्हा खासदार होते. त्यांनी एका शब्दाची दुरुस्ती सुचवली : 'पुरुष' या शब्दाच्या जागी 'व्यक्ती' म्हणा. बाजूनं 73 मतं पडली, विरुद्ध 196. दुरुस्ती पडली तरी मँचेस्टरच्या स्त्रिया म्हणाल्या, 1850चा कायदा आहे की! पुल्लिंगात आम्ही येतोच. त्यांनी मतदारयादीत नावं घालायला अर्ज केले. 1868 मध्ये कोर्टानं निकाल दिला, की मतदानाच्या बाबतीत तुम्ही त्यात येत नाही. म्हणजे कर भरताना 'तो' या शब्दात स्त्री मावत होती, मतपेटीजवळ मावत नव्हती.

सर्वनामानं काय फरक पडतो, असं कुणी विचारलं, तर आम्ही हा खटला सांगतो. ज्याचा उल्लेख दुसऱ्याच्या शब्दात गृहीत धरला जातो, त्याला कधी धरायचं आणि कधी वगळायचं हे तो दुसराच ठरवतो. स्वतःसाठी शब्द मागणाऱ्या माणसाची मूळ तक्रार ही आहे.

शब्द नव्यानं घडवून बघण्याचेही प्रयोग झाले. चार्ल्स कॉन्व्हर्स या अमेरिकी वकील-संगीतकारानं 'थॉन' असं दोघांना चालणारं सर्वनाम काढलं आणि 1884 मध्ये ते लोकांपुढे ठेवलं. 1934च्या वेबस्टर कोशात त्याला जागाही मिळाली. 1961च्या आवृत्तीत ते गळलं, कारण कुणी वापरतच नव्हतं. उलट सहाशे वर्षं लोकांच्या तोंडी असलेलं 'दे' तगलं. स्वतःला स्त्री किंवा पुरुष न म्हणवणाऱ्या एका व्यक्तीसाठी 'दे' हा अर्थ मेरियम-वेबस्टर कोशानं 2019 मध्ये घेतला. कोश लोकांच्या मागून चालतो, तो असा.

आता नाटकाकडे येऊ. इंग्लंडच्या व्यावसायिक रंगभूमीवर 1660पर्यंत स्त्रीभूमिका मुलगे करत. आपल्याकडे तर बालगंधर्वांचा काळ फार जुना नाही. रंगमंचावर 'मी आले' म्हणणारे नारायणराव विंगेत 'मी आलो' म्हणत, आणि कुणालाच त्यात अडचण वाटत नसे. काही जण हा दाखला देऊन म्हणतात, नाटकवाल्यांना हे नवीन का वाटावं? आम्हाला हा दाखला अपुरा वाटतो. ती भूमिका होती; रंग पुसला की संपत होती. आज जो नट किंवा नटी वेगळं सर्वनाम सांगते, ती भूमिका करत नाही. तिचं म्हणणं असतं, की रंगमंचावर मी हवं ते होईन, पण चहाच्या सुट्टीत मी कोण, हे तरी दुसऱ्यानं ठरवू नये.

नाटकधंद्याची दुसरी अडचण अशी, की तिथे लिंग व्यवहारातच मुरलेलं असतं. भूमिका तशा, पारितोषिकंही तशी. ब्रॉडवेच्या टोनी पारितोषिकांत 2023 साली जे. हॅरिसन घी आणि ॲलेक्स न्यूएल यांना अभिनयाची पारितोषिकं मिळाली. दोघंही स्वतःला स्त्री-पुरुष या जोडीबाहेरचे मानणारे. पारितोषिकं मिळाली ती अभिनेत्यांच्या गटात. त्याच वर्षी जस्टिन डेव्हिड सलिव्हन यांनी, अभिनेता आणि अभिनेत्री यांपैकी कुठल्याच गटात आपण बसत नाही म्हणून, स्पर्धेतून नाव मागे घेतलं. इथे मराठीतलं आदराचं 'यांनी' किती सोयीचं आहे पाहा.

ऑफिसांत आणि विद्यापीठांत हाच वाद कोर्टापर्यंत गेला. ओहायोतल्या शॉनी स्टेट विद्यापीठात निकोलस मेरिवेदर हे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. वर्गात ते सर्वांना मिस्टर, मिस असं म्हणत. 2018 मध्ये एका विद्यार्थिनीनं सांगितलं, की मला स्त्री म्हणून संबोधा. ते म्हणाले, माझ्या धर्मश्रद्धेत ते बसत नाही. मी तुम्हाला नुसत्या आडनावानं हाक मारीन. विद्यापीठानं त्यांना लेखी समज दिली. 2021 मध्ये अपील कोर्टानं त्यांची फिर्याद चालवण्याजोगी ठरवली, आणि 2022 मध्ये विद्यापीठानं 4,00,000 डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. मग वारं फिरलं. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेत सत्ता बदलली आणि केंद्र सरकारच्या अनेक खात्यांनी कर्मचाऱ्यांना ई-मेलखालची सर्वनामं काढून टाकायचा हुकूम दिला. आधी काही ठिकाणी लावा म्हणून दडपण होतं, आता काढा म्हणून.

तर आता गोष्टी सुट्या करू. पहिली : माणसानं आपलं सर्वनाम स्वतः होऊन सांगणं. दुसरी : इतरांनी ते ऐकून तसं वापरणं. तिसरी : सगळ्यांना सांगायला लावणं. वाद चालतो तिसऱ्यावर, आणि मार बसतो पहिल्या दोन्हींना.

तिसऱ्याच्या बाजूचा युक्तिवाद हलका नाही. ज्याचं वेगळं आहे त्यालाच सांगावं लागलं, तर तो एकटा उघडा पडतो; सगळ्यांनी सांगितलं, तर ओझं वाटलं जातं. हे खरं आहे. पण त्याच गोलात एक बावीस वर्षांची व्यक्ती बसली आहे असं धरा. काम सहा आठवड्यांचं, समोर दिग्दर्शक, आणि आपण कोण याचं उत्तर अजून स्वतःलाही दिलेलं नाही. तिच्यापुढे दोनच वाटा राहतात : खोटं बोलणं, किंवा पंचवीस अनोळखी माणसांपुढे मन उघडं करणं. ज्यांच्यासाठी प्रथा निघाली, त्यांच्यापैकीच कुणावर ती उलटते. शिवाय आपलं लिंग हीच आपली पहिली ओळख होऊ नये, असं वाटणारीही माणसं असतात. 1846 मध्ये ब्राँटे भगिनींनी कविता छापल्या त्या करर, एलिस आणि ॲक्टन बेल या, स्त्रीची की पुरुषाची हे नीट न कळणाऱ्या नावांनी. गप्प राहण्याचा हक्कही हक्कच आहे. म्हणून गोल जरूर करा. नाव आणि काम सगळ्यांनी सांगावं, सर्वनाम ज्याला सांगायचं त्यानं सांगावं, आणि न सांगणाऱ्याकडे कुणी वळून पाहू नये.

दुसऱ्या गोष्टीला मात्र आम्ही ही सूट देत नाही. सहकाऱ्यानं एकदा सांगितलं, की ते वापरावं. माणसाचं नाव आपण पटलं तरच घेतो असं नाही. तो सांगतो म्हणून घेतो. कुणाचा विवेक खरोखरच आड येत असेल, तर त्यानं क्वेकरांची कसोटी लावावी. क्वेकरांनी मान नाकारला तो राजापासून नोकरापर्यंत सगळ्यांना सारखाच, आणि सुरुवात वरून केली. मेरिवेदर यांनी इतरांना मिस्टर, मिस ठेवून एकीलाच नुसतं आडनाव दिलं. सर्वांना आडनावानंच हाक मारली असती, तर त्यांचा विवेकही राहिला असता आणि तिचा मानही. नकार द्यायचा असेल तर सगळ्यांना सारखा द्या. आणि तो भरवर्गात एकट्या पडलेल्या माणसापासून सुरू करू नका.

आपल्याकडे 15 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयानं नालसा खटल्यात सांगितलं, की आपलं लिंग कोणतं हे ठरवण्याचा हक्क त्या व्यक्तीचा आहे. त्या खटल्यात लक्ष्मी नारायण त्रिपाठी सहभागी होत्या. हा हक्क कागदावरून ऑफिसात आणि तालमीच्या हॉलमध्ये येताना आपल्याला इंग्रजीपेक्षा जास्त कष्ट पडणार आहेत. इंग्रजीत एक सर्वनाम बदललं की भागतं. मराठीत 'आला', 'बसला', 'दमला' सगळंच बदलावं लागतं, आणि नपुंसकलिंगी 'ते' वापरावं तर तो अपमान होतो. जीभ अडखळेल. अडखळली तर दुरुस्त करून पुढे जावं, त्याचं भाषण करू नये.

आमचं आजचं भाषण मात्र इथे संपलं. आता तुमचे प्रश्न घेऊ. विचारणाऱ्यानं नुसतं नाव सांगितलं तरी चालेल.