गुडघ्याची ‘वाटी’ बदलते म्हणजे नेमकं काय होतं?

आपल्या हिंगोली-वसमत भागात सर्रास म्हणतात, “अमक्याच्या आईची वाटी बदलली.” प्रत्यक्षात वाटी आपलीच राहते, गरज वाटली तर तिच्या आतल्या बाजूला प्लास्टिकचा तुकडा बसवतात. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड जिथं एकमेकांवर टेकतं, तिथला झिजलेला काही मिलिमीटरचा थर कापून काढतात. वरच्या हाडाला धातूची टोपी, खालच्याला धातूची बैठक आणि मधे प्लास्टिकची गादी. एवढंच ते ऑपरेशन. पण इथपर्यंत यायला जवळजवळ शंभर वर्षं लागली, आणि ऑपरेशननंतर काय मिळतं, काय मिळत नाही, याचं बरंचसं उत्तर त्या इतिहासात आहे.

सुरुवात 1890 ची, बर्लिनमधली. थेमिस्टोक्लिस ग्लुक नावाच्या सर्जननं क्षयानं खराब झालेल्या गुडघ्यात हस्तिदंताचा सांधा बसवला. जंतुसंसर्गापुढं तो टिकला नाही. मग 1950 च्या सुमारास धातूच्या बिजागऱ्या आल्या. दाराची असते तशी बिजागरी. आता दार एकाच दिशेनं उघडतं. गुडघा मात्र वाकताना घरंगळतो, सरकतो, थोडा वळतोही. त्यामुळं त्या बिजागऱ्या हाडातून ढिल्या व्हायच्या.

खरा बदल 1974 मध्ये न्यूयॉर्कला झाला. जॉन इन्सॉल, पीटर वॉकर आणि आपल्या मध्य प्रदेशातून गेलेले डॉ. चित्तरंजन रानावत यांनी हाडांच्या मूळ आकाराशी जुळणारा सांधा तयार केला. आजचे बहुतेक कृत्रिम गुडघे त्याच घराण्यातले आहेत. तो सांधा टिकला, दुखणं गेलं. पण सुरुवातीला तो वाकायचा साधारण 90 अंश. खुर्चीवर बसणाऱ्या माणसाचं तेवढ्यावर भागत होतं. पुढच्या सुधारणांनी तो 110-120 अंशांपर्यंत आला. उकिडवं बसायला मात्र 130 अंशांच्याही पुढं वाकावं लागतं. हा आकडा लक्षात ठेवा.

महाराष्ट्रात हे ऑपरेशन घरोघरी चर्चेत आलं ते ऑक्टोबर 2000 मध्ये. हिंगोली जिल्हा होऊन तेव्हा दीडच वर्ष झालं होतं. पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयींचा डावा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलला. ऑपरेशन केलं त्याच रानावतांनी. जून 2001 मध्ये उजवा. त्यानंतर पाचेक आठवड्यांनी वाजपेयी आग्र्याला मुशर्रफ यांच्याशी शिखर परिषदेत बसले होते.

पण पंतप्रधानांचा गुडघा वेगळा आणि हळदीच्या रानात खुरपणाऱ्या बाईचा वेगळा. पहिली अडचण पैशाची. 16 ऑगस्ट 2017 ला राष्ट्रीय औषध मूल्य नियामक संस्थेनं कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची छापील किंमत सरासरी 1,58,324 रुपये होती, ती 54,720 रुपये अधिक जीएसटी अशी ठरली. ही किंमत फक्त सांध्याची हं. रुग्णालय, भूल, औषधं वेगळी. म्हणून वावर गहाण टाकायच्या आधी महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा. आपलं ऑपरेशन आज यादीत आहे का, आणि कोणत्या रुग्णालयात, हे त्याच्याकडून विचारून घ्या.

आता प्रत्यक्ष काय होतं? बहुधा कमरेत इंजेक्शन देऊन भूल देतात. ऑपरेशनला दीड-दोन तास. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतात. माणूस घाबरतो, “टाके तुटतील!” तुटत नाहीत. पहिले काही आठवडे दुखतं, सूज राहते, रात्रीची झोप मोडते. व्यायाम याच काळात करायचा असतो, आणि याच काळात तो टाळला जातो. गुडघा पूर्ण सरळ होणं हे वाकण्याइतकंच महत्त्वाचं आहे. म्हणून आरामाला गुडघ्याखाली उशी ठेवू नये. दीड-दोन महिन्यांत घरातली कामं बरीचशी जमतात, सुधारणा वर्षभर चालू राहते. जखमेतून पू, ताप, पोटरीला एकाएकी सूज किंवा धाप, यांपैकी काहीही झालं तर थेट रुग्णालय गाठायचं. जंतुसंसर्ग शंभरात एक-दोघांना होतो, पण झाला तर फार त्रास देतो. त्यासाठी ऑपरेशनआधी साखर आटोक्यात हवी, तंबाखू बंद हवी, किडलेला दात दाखवलेला हवा.

2019 मध्ये ‘लॅन्सेट’नं छापलेल्या अभ्यासानुसार शंभरातले सुमारे 82 सांधे 25 वर्षं टिकतात. उलट बाजूही सांगतो. वेगवेगळ्या पाहण्यांत साधारण पाचातला एक रुग्ण म्हणतो, मनासारखं झालं नाही. यात अपेक्षेचा भाग मोठा असतो.

आणि इथं ते 130 अंश आठवा. आपलं सगळं जगणं जमिनीवरचं. नर्सी नामदेवला भजनाला मांडी घालून, पंगतीला मांडी घालून, निंदायला उकिडवं, शौचालयात उकिडवं. आशियाई रुग्णांसाठी ‘जास्त वाकणारे’ सांधे निघाले, 2017 च्या यादीत त्यांचा वेगळा भाव होता, 56,490. पुढच्या अभ्यासांत मात्र दोन्हींच्या वाकण्यात फारसा फरक दिसला नाही. नंतर गुडघा किती वाकेल हे मुख्यतः ऑपरेशनआधी तो किती वाकत होता यावर ठरतं. म्हणजे पाय पुरता आखडेपर्यंत थांबण्यातही नुकसान आहे.

तेव्हा डॉक्टरांना “किती खर्च येईल” याबरोबर आणखी एक विचारा: “माझी आई खुरपायला बसू शकेल का?” बहुतेक वेळा उत्तर ‘नको’ असं येईल. ती बाजारात चालत जाईल, रात्री शांत झोपेल, देवळाच्या पायऱ्या चढेल. खुरपं मात्र दुसऱ्या कुणाला तरी हाती घ्यावं लागेल, घरात कमोड बसवावा लागेल, भजनात तिला खुर्ची द्यावी लागेल. ही तयारी घरानं ऑपरेशनच्या तारखेआधी करायची असते.

आता प्रश्न घेऊ या.