हिरवे पाणी (मत्स्यालयातील)

पाणवनस्पती लावलेल्या गोड्या पाण्याच्या मत्स्यालयात तरंगत्या, एकपेशीय शैवालांची बेसुमार वाढ होऊन सगळे पाणीच हिरवे आणि गढूळ होते, त्या अवस्थेला ‘हिरवे पाणी’ म्हणतात. काचेवर बसणारे हिरवे ठिपके, पानांना लोंबणारे केसाळ शेवाळ आणि वाळूवर पसरणारा कुबट वासाचा निळसर थर (हे मुळात सायनोबॅक्टेरिया) या वेगळ्या तक्रारी आहेत. त्यांचे उपाय इथे सहसा लागू पडत नाहीत आणि इथले सगळेच तिथे चालतात असे नाही. सुरुवातीला टाकीच्या मागच्या काचेजवळचे मासे पुसट दिसू लागतात. पुढे फिल्टरचा पाइपही दिसेनासा होतो. शंका असेल तर पांढऱ्या कपात थोडे पाणी घेऊन उजेडात पाहावे. हिरवी झाक दिसली तर ते शैवाल. नुसती दुधाळ दिसली तर बहुधा जिवाणूंची वाढ, आणि ती काही दिवसांत आपोआप ओसरते.

हा रंग मुख्यतः क्लोरेला, सीनेडेस्मस, अँकिस्ट्रोडेस्मस, क्लॅमिडोमोनास यांचा. कधी त्यात युग्लीनाही असते. क्लोरेलाची पेशी साधारण 2 ते 10 मायक्रॉनची. फिल्टरमधला स्पंज किंवा कापूस माशांची विष्ठा अडवतो, पण ही पेशी त्यातून सहज निसटते. म्हणून फिल्टर कितीही जोरात चालवला तरी पाणी निवळत नाही. 1890 साली डच शास्त्रज्ञ मार्टिनस बायरिंक यांनी क्लोरेला वेगळी काढून वाढवली. मेल्विन कॅल्विन यांनी प्रकाशसंश्लेषणातला कार्बनचा प्रवास क्लोरेला आणि सीनेडेस्मस यांच्यावरच प्रयोग करून उलगडला आणि त्याबद्दल त्यांना 1961 चे नोबेल पारितोषिक मिळाले. मासे पाळणाऱ्यांच्या डोक्याला ताप देणाऱ्या या जीवांचा लौकिक प्रयोगशाळेत असा मोठा आहे.

कारणे दोन, आणि ती सहसा जोडीने येतात: भरपूर प्रकाश आणि पाण्यातला अमोनिया. माशांचे उत्सर्जन, उरलेले खाद्य आणि सडकी पाने यांतून अमोनिया सतत तयार होत असतो. जुन्या, स्थिरावलेल्या टाकीत फिल्टर आणि वाळूतले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नव्या टाकीत ही वसाहत उभी राहायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तेवढ्यात दिवे दहा-बारा तास चालू राहिले किंवा टाकी गॅलरीच्या उन्हात असली, की शैवालाला रान मोकळे मिळते.

जुन्या टाकीतही हे घडते, आणि ते बहुतेकदा अतिस्वच्छतेमुळे. रविवारी सकाळी फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून तपकिरी पाणी जाईपर्यंत पिळला जातो, त्याच तासात वाळू ढवळली जाते आणि सडकी पाने म्हणून निम्मी रोपेही छाटली जातात. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने जिवाणू मरतात, वाळूत दडलेला अमोनिया वर येतो आणि तो शोषून घेणारी रोपेही कमी झालेली असतात. टाकी हिरवी व्हायला मग आठवडाही लागत नाही. स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात विसळावा आणि वाळू व फिल्टर कधीही एकाच दिवशी साफ करू नयेत, ही काळजी बहुतेक उपायांपेक्षा जास्त कामाची आहे.

वनस्पती आणि शैवाल यांच्यातली ही चढाओढ मत्स्यालयाइतकीच जुनी आहे. लंडनचे रसायनज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी 1850 मध्ये केमिकल सोसायटीपुढे आपला प्रयोग मांडला: काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही वनस्पती. काही दिवस सगळे छान चालले. मग सडकी पाने आणि हिरवे शेवाळ यांनी पाणी खराब होऊ लागले, तेव्हा त्यांनी भांड्यात तळ्यातल्या गोगलगाई सोडल्या आणि तोल सावरला. डायना वॉलस्टॅड यांनी 1999 च्या ‘इकॉलॉजी ऑफ द प्लान्टेड ॲक्वेरियम’ या पुस्तकात हाच धागा पुढे नेला. अनेक पाणवनस्पती नायट्रेटपेक्षा अमोनियम आधी उचलतात, म्हणजे शैवालाच्या तोंडचा घास त्या पळवतात, असे त्यांचे म्हणणे. हॉर्नवर्टसारखी झपाट्याने वाढणारी रोपे आणि पिस्टिया, साल्विनिया अशा तरंगत्या वनस्पती त्यासाठी उपयोगी पडतात. तरंगत्या रोपांना कार्बन डायऑक्साइड थेट हवेतून मिळतो. शिवाय त्यांची सावली खालच्या पाण्यावर पडते.

उपायांत सर्वांत स्वस्त म्हणजे अंधार. आधी निम्मे पाणी बदलावे, मग टाकीवर जाड चादर किंवा काळे प्लास्टिक चारही बाजूंनी घालून ती तीन ते चार दिवस पूर्ण झाकून ठेवावी. मध्येच उघडून पाहण्याचा मोह टाळावा. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर जोडलेला असेल तर तो बंद करावा आणि हवेचा पंप मात्र अखंड चालू ठेवावा, कारण अंधारात रोपे प्राणवायू देत नाहीत आणि मरणारे शैवाल कुजताना तो खाते. मासे तेवढे दिवस उपाशी राहिले तरी त्यांचे बिघडत नाही. वीज जाण्याचा त्रास असलेल्या गावात बॅटरीवरचा पंप हाताशी हवाच. चादर काढल्यावर पुन्हा निम्मे पाणी बदलावे, नाहीतर मेलेल्या शैवालातून सुटलेल्या अमोनियावर नवी पिढी पोसली जाते. ॲनुबियाससारखी रोपे हा अंधार सहज सोसतात. उजेडाच्या लालसेची लाल रोपे थोडी पाने गाळतात.

सर्वांत खात्रीचा उपाय अतिनील दिव्याचा. 254 नॅनोमीटरच्या आसपासचे किरण पेशीतल्या डीएनएची मोडतोड करतात आणि पाणी बंद नळीतल्या दिव्याजवळून संथपणे वाहवले तर बहुधा आठवड्याच्या आत टाकी काचेसारखी होते. घाईने वाहणाऱ्या पाण्याला पुरेसे किरण मिळत नाहीत, म्हणून इथे मोठा पंप लावणे उलट नुकसानीचे. दिवा चालू असताना त्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नये. रोपांना दिलेल्या लोहाच्या खताचाही या किरणांनी काही प्रमाणात नाश होतो, म्हणून पाणी निवळल्यावर दिवा बंद ठेवलेला बरा. पाने आणि काचेला चिकटलेल्या शेवाळावर त्याचा परिणाम होत नाही.

डॅफ्निया या पाणपिसवा हे शैवाल गाळून खातात. पण टाकीत सोडल्या तर मासेच त्यांचा फडशा पाडतात. त्यामुळे त्यांना बारीक जाळीच्या डब्यात ठेवावे लागते किंवा मासे काही दिवस दुसरीकडे हलवावे लागतात. एवढी खटपट परवडत असेल तर हा उपाय सुंदर आहे, शिवाय शेवटी माशांना ताजे खाद्य मिळते.

नुसते पाणी बदलत राहणे मात्र फोल ठरते. निम्मे पाणी बदलले की पेशी निम्म्या होतात, आणि चांगल्या प्रकाशात एका दिवसात त्या पुन्हा दुप्पट व्हायला अडचण नसते. विहिरीच्या गढूळ पाण्यावर तुरटी फिरवण्याचा घरगुती अनुभव इथे वापरणे धोक्याचे आहे: तुरटीने पाण्याची आम्लता वाढते आणि मृदू पाण्यात तिचा फटका माशांना बसतो. तांबेयुक्त शैवालनाशके शैवालाबरोबर कोळंबी आणि गोगलगाईही मारतात.

टाकी निवळल्यावर तिच्या नेहमीच्या, उजेडाच्या दिव्याला टायमर लावून तो सहा ते आठ तासांवर आणावा, खाद्य दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेच घालावे आणि थेट ऊन अडवावे. हे न करता केलेला कोणताही उपाय पुढच्या महिन्यात पुन्हा करावा लागतो.

जपानमध्ये गोल्डफिश पाळणारे हेच पाणी मुद्दाम तयार करतात, कारण त्यात पिल्ले चांगली वाढतात. वनस्पतींच्या टाकीत मात्र ते नको असते, कारण खालच्या रोपांपर्यंत प्रकाशच पोचत नाही.

‘शेवाळ खाणारा’ म्हणून सकर मासा बऱ्याच दुकानांत विकला जातो. हिरव्या पाण्यासाठी तो घेणे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. सकर काचेवरचे आणि लाकडावरचे शेवाळ खरवडतो, पाण्यात तरंगणाऱ्या पेशी त्याला खाता येत नाहीत. उलट तो फूटभराहून मोठा होतो आणि त्याच्या विष्ठेने अमोनियात भरच पडते. दक्षिण अमेरिकेतला हा मासा घरच्या टाक्यांतून सुटून केरळ, आंध्र प्रदेश आणि पश्चिम बंगालच्या पाण्यात स्थिरावला आहे. टाकीत मावेनासा झाला तर तो नदीत, तळ्यात किंवा नाल्यात सोडू नये. दुकानदाराला परत द्यावा.