बसून राहिलेल्या माणसाचा तास

भुसावळास मुंबईहून येणारा लोहमार्ग दुभंगतो; एक फांटा नागपुराकडे, दुसरा इटारसीकडे वळतो. अशा जंक्शनांत खरी रात्र होतच नाहीं. तेथील पॉइंट्समनाचा किंवा फाटकवाल्याचा कामाचा दिवस किती तासांचा धरावा, हा वाद न्यायासनापुढें कसा गेला, तें वाचकांस सांगण्याजोगें आहे.

वॉशिंग्टन (१९१९) व जिनीव्हा (१९२१) येथील करारांस अनुसरून १९३० सालीं रेल्वे कायद्यांत दुरुस्ती झाली. ‘सतत’ कामास आठवड्याला ६० तास व ‘मूलतः खंडित’ कामास ८४ तास, अशी मर्यादा पडली. ८४ म्हणजे रोजचे बारा, तेही सातही दिवस! कायद्याचें म्हणणें असें कीं, जेथें हालचालही नको व सतत अवधानही नको, तो वेळ निष्क्रियतेचा.

१९४६ सालीं सरकारनें नऊ सरकारी रेल्वे व त्यांचे कामगार यांमधील तंटा न्या. राजाध्यक्ष यांजकडे सोंपविला. उभयपक्षांनीं राजीखुषीनें नेमलेला हा लवाद नव्हे. पण बाजू मांडण्याची कसोटी तीच. प्रशासनाचा पक्षही अगदींच पोकळ नव्हता. दोन गाड्यांच्या मध्यें बांकावर बसलेल्याचा तास भट्टीपुढील फायरमनच्या तासाबरोबर कसा तोलावा?

आमच्या मतें यास करुणेच्या शब्दांनीं उत्तर देतां येत नाहीं. गाडी कितीला आली, सांधा केव्हां बदलला, घंटा किती वेळां वाजली, याचा मिनिटवार तक्ताच पुढें ठेवावा लागतो. मग दिसून येतें कीं, बसलेल्या माणसाचे कान घंटेकडे असतील, तर तो निष्क्रिय नव्हे. त्याचें अवधान हेंच त्याचें काम.

१९४७ च्या मे महिन्यांत निवाडा आला. अतिश्रमाच्या कामास ४५, सतत कामास ५४ व खंडित कामास ७५ तास ठरले. फाटकवाल्यास हा पुरा विजय नव्हता. बसण्याचा तास अजून स्वस्तच राहिला. पुढें १९६९ च्या न्या. मियांभाई न्यायाधिकरणापुढें कामाच्या तासांचा प्रश्न पुन्हां गेला.

तरी एक गोष्ट पक्की झाली. गरीबाच्या वेळेचें मोल हा दयेचा विषय न राहतां मोजमापाचा विषय झाला. आणि मोजमापापुढें बलवान पक्षासही उत्तर द्यावें लागतें.