कात्रीचा आकार आणि गोळीची किंमत

आमच्या दौंड तालुक्यात, कुरकुंभच्या एमआयडीसीत सिप्लाचा औषध कारखाना आहे. ही कंपनी 1935 साली मुंबईत ख्वाजा अब्दुल हमीद यांनी काढली.

एड्सचा विषाणू आपली काही प्रथिनं एकाच लांब साखळीत बनवून घेतो. ती साखळी कात्रीसारखी कापणारं प्रथिन म्हणजे प्रोटीज. 1989 साली क्ष-किरणांच्या साहाय्याने त्याची रचना उलगडली: 99 अमिनो आम्लांचे दोन सारखे भाग आणि मधे खाच. त्या खाचेत अडकून बसणारे रेणू शास्त्रज्ञांनी घडवले. डिसेंबर 1995 मध्ये अमेरिकेत त्यांतल्या पहिल्या औषधाला, सॅक्विनाविरला, परवानगी मिळाली.

पण तीन औषधांच्या उपचाराला वर्षाला 10,000 डॉलर किंवा त्याहूनही जास्त लागत. 2001 साली ख्वाजासाहेबांचे चिरंजीव युसूफ हमीद यांनी तीन औषधं वर्षाला 350 डॉलरमध्ये देऊ केली. ती प्रोटीजवरची नव्हती, विषाणूच्या दुसऱ्या प्रथिनाला रोखणारी होती. हे जमलं ते 1970च्या पेटंट कायद्यामुळे. त्यानुसार पेटंट औषधाला नव्हे, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीला मिळे. 2005 मध्ये ती मोकळीक संपली.

2020 मध्ये कोरोनाच्या प्रोटीजची रचना काही आठवड्यांतच जगापुढे आली. आकार आता लवकर कळतो. गोळी गरिबाच्या हाती कधी पडेल, हे मात्र अजूनही कायदा आणि माणसाची दानत ठरवते. म्हणून हमीद बापलेकांचा इतिहास आमच्या तालुक्यातल्या पोरांनी वाचावा, असं मला वाटतं.