सुट्या भागांचा किल्ला

दिवाळीत किल्ला करणाऱ्या पोरांचे दोन वर्ग असतात. एक अंगणवाले आणि दुसरे बिनअंगणाचे. अंगणवाल्यांचं शास्त्र सोपं. दगडविटांचा ढीग रचायचा, त्यावर ओलं बारदान पसरायचं, वरून चिखल थापायचा आणि मोहरी नाहीतर अळीव पेरायचे. चार दिवसांत डोंगर हिरवा. मग शिखरावर महाराजांना सिंहासनावर बसवायचं आणि पायथ्याशी मावळे उभे करायचे. महाराज तटबंदीपेक्षा उंच असतात आणि दरवाज्यावरचा पहारेकरी त्या दरवाज्यातून रांगतसुद्धा आत जाऊ शकत नाही. पण स्वराज्यात असल्या क्षुल्लक तक्रारी कोणी करत नाही.

आमची इतवारी पडली बिनअंगणाची. रविवारच्या बाजारावरून हिचं नाव इतवारी. आता सातही वार बाजारच असतो. खाली दुकान, वर घर, मध्ये जिना आणि जिन्यात तीन सायकली. चिखल कालवायचा कुठे? गच्चीवर कालवला, तर तो थेट खालच्या शेठजींच्या गादीवर ठिबकणार. म्हणून आमच्या लहानपणी ओळीतल्या पोरांनी साड्यांच्या रिकाम्या खोक्यांचा किल्ला करायची पद्धत काढली होती. मोठं खोकं बालेकिल्ला, चपलांची खोकी बुरूज, पुठ्ठ्याच्या पट्ट्या म्हणजे तट. मावळे मात्र चितार ओळीतून आणलेले, अस्सल मातीचे. या गडावर गवताची काडी उगवत नसे, पण एक सोय होती. सोमवारचा सिंहगड मंगळवारी जंजिरा करता येई. शिवाय दुकानदाराला खोकी हवी झाली, की पाच मिनिटांत गड उतरवून देता येई.

या पद्धतीला जगात भारदस्त नाव आहे, हे मात्र मला बी.कॉम. होऊन, बँकेत वीस वर्षं लोकांच्या नोटा मोजून झाल्यावर भाच्याकडून कळलं.

‘मामा, याला मॉड्युलर टेरेन म्हणतात,’ तो म्हणाला.

‘आम्ही याला खोकी म्हणत होतो,’ मी म्हणालो.

भाचा इंजिनियर आहे. शनिवारी रात्री त्याचे चार मित्र येतात आणि टेबलाभोवती बसून एक खेळ खेळतात. एक जण सूत्रधार. बाकीच्यांतला कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. सूत्रधार सांगतो, ‘समोर बंद दार आहे.’ योद्धा म्हणतो, ‘लाथ घालतो.’ दार उघडलं की नाही, ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. हे ऐकून मला आमच्या स्ट्राँगरूमची आठवण झाली. तिथे दोन किल्ल्या आणि दोन अधिकारी लागतात आणि त्यातला एक रजेवर असतो. फासा नसतो, एवढाच फरक.

हा पराक्रम बहुतेक भुयारात चालतो आणि ते भुयार टेबलावर रचायला सुटे तुकडे मिळतात. दगडी फरशीसारखे चौकोन, भिंती, कोपरे, दारं, जिने. एक इंच म्हणजे पाच फूट, असा हिशेब. माणूस इंचभर उंचीचा. सगळं भुयार एकदम मांडत नाहीत. मंडळी दार उघडतील, तशी पुढची खोली सूत्रधार जोडत जातो. पुढे काय आहे, ते खेळणाऱ्यांना आधी दिसलं तर भुयारात आणि मंगल कार्यालयात फरक काय राहिला?

मी पडलो कॉमर्सचा. कुठलंही खातं समोर आलं की आधी ओपनिंग बॅलन्स शोधतो. तसा या खेळाचाही शोधला.

खेळातल्या लढाईचं एक जुनं खातं आपल्याच देशात उघडलं. चतुरंगाचं. पण पट सपाट. चौसष्ट घरांत एक टेकडी नाही की नाला नाही. जमीन अशी नसते, हे नागपूरकराला वेगळं सांगायला नको. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर इंग्रजांची फौज होती आणि समोर अप्पासाहेब भोसल्यांची. इंग्रज संख्येने कितीतरी कमी, पण टेकडीवर. भोसल्यांच्या बाजूच्या अरबांनी धाकटी टेकडी घेतली तेव्हा पारडं फिरलं. ती हातची गेली तशी लढाईही गेली. बुद्धिबळात हत्तीला चढ लागत नाही. सीताबर्डीला लागतो.

हीच अडचण पाच वर्षं आधी तिकडे प्रशियात राइसविट्झ नावाच्या एका बॅरनने सोडवली होती. तो लढाईचा खेळ वाळूच्या पेटीत खेळायचा. राजपुत्रांच्या कानावर गेलं आणि मग राजाने, तिसऱ्या फ्रेडरिक विल्यमने, खेळ पाहायची इच्छा दर्शवली. आता राजापुढे वाळू कशी न्यायची? आपल्याकडे साहेब इन्स्पेक्शनला येणार म्हटल्यावर शाखेला रंग देतात, त्यातलाच प्रकार. बॅरनने खपून एक टेबल करवलं. वर रचायला टेकड्या, नद्या, रस्ते, गावं कोरून रंगवलेले सुटे चौकोनी तुकडे, आणि ते ठेवायला टेबलालाच खण. १८१२ साली ते राजवाड्यात पोचलं. तुकडे हवे तसे लावा आणि रोज नवं रणांगण करा. आमच्या ओळीच्या शोधाला अशा रीतीने दोनशे वर्षांची परंपरा निघाली, तेव्हा माझी छाती जरा फुगली.

टेबल इतकं देखणं झालं, की ते राजवाड्यातच राहिलं. संध्याकाळी राजघराण्यातली मंडळी खेळत. लष्कराच्या हाती काही लागलं नाही. लागणार कसं? तसं दुसरं टेबल करायचं तर पलटणीचा पगार थांबवावा लागला असता.

मग आला मुलगा. हाही राइसविट्झच, तोफखान्यात लेफ्टनंट. त्याने बापाचे टेकड्यांचे तुकडे बाजूला ठेवले आणि साधा कागदी नकाशा घेतला. फौजा म्हणजे छोटे ठोकळे, सोबत फासे आणि मध्ये एक पंच. दोन्ही बाजूंनी हुकूम पंचाला द्यायचे. प्रत्यक्ष रणांगणावर जेवढं दिसलं असतं तेवढंच पंच नकाशावर ठेवणार. टेकडीमागचा शत्रू ज्याला दिसायला नको त्याला दिसणार नाही. १८२४ साली हा खेळ प्रशियाच्या सेनापतींना इतका पटला, की तो पलटणींना देण्याचा हुकूम निघाला. १८७०-७१ मध्ये प्रशियाने फ्रान्सला हरवल्यावर इतर देशांच्या सैन्यांनीही तो उचलला. बापाचं टेबल शोभेला राहिलं आणि पोराचा कागद जगभर फिरला.

पुढे एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने लढाई घरातल्या जमिनीवर आणली. १९११ मध्ये त्याने लाकडी विटा आणि फळ्यांनी बेटं, शहरं रचायच्या खेळांवर पुस्तक लिहिलं. १९१३ मध्ये दुसरं, शिशाच्या शिपायांच्या लढायांवर. खऱ्या लढाईपेक्षा ही बरी, असं त्याचं म्हणणं. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं, यावरून लेखकांचं लोक किती ऐकतात ते कळतं.

आणि मग अमेरिकेत १९७०च्या सुमारास डेव्ह आर्नेसन नावाच्या तरुणाने टेबलावर प्लॅस्टिकचा एक तयार किल्ला ठेवला आणि खेळणाऱ्या मित्रांना त्याच्या तळघरात उतरवलं. मला याचं मुळीच नवल वाटलं नाही. किल्ला केला की पोरांना भुयार हवंच असतं. आपल्याकडेही वीट सरकवून एक गुहा करतात आणि आत प्लॅस्टिकचा वाघ बसवतात. आर्नेसनने वाघाच्या जागी राक्षस बसवले. गॅरी गायगॅक्सबरोबर त्याने १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ बाजारात आणला. त्या प्रशियन पंचाचा सूत्रधार झाला. भुयार मात्र कागदावर, चौकटीच्या वहीत. बाकीचं प्रत्येकाच्या डोक्यात.

पण माणसाला हाताला लागणारं काही हवं असतं. १९९६ मध्ये अमेरिकेत ड्वार्वन फोर्ज नावाची कंपनी निघाली आणि भुयाराचे रंगवलेले सुटे तुकडे पेटीतून विकू लागली. २०१३ मध्ये तिने नव्या तुकड्यांसाठी लोकांकडे इंटरनेटवरून आगाऊ वर्गणी मागितली, तर एकोणीस लाख डॉलर जमले. एवढ्या वर्गणीत आमच्या ओळीचा गणपती आमच्या नातवंडांपर्यंत बसला असता, तोही लायटिंगसकट.

म्हणजे चक्र फिरून पुन्हा बॅरनच्या टेबलापाशी आलं. आणि त्याबरोबर बॅरनची अडचणही आली.

भाच्याने ते तुकडे घरच्या थ्री-डी प्रिंटरवर काढले. मग रंगवले. एका भिंतीला तीन हात, शेवाळाला वेगळा हिरवा. वर्ष गेलं. भुयार असं देखणं झालं, की त्याच्या जवळ चिवडा न्यायला बंदी आली. मग चहाला. फासा टाकताना भिंतीला लागला म्हणून मांत्रिकाला बोलणी बसली. हळूहळू मित्र यायचे थांबले. भुयार काचेच्या कपाटात गेलं आणि पाहुण्यांना दाखवायच्या वस्तूंत जमा झालं.

किल्ल्यांचंही आताशा असंच होऊन राहिलंय. तयार किल्ला बाजारात मिळतो. तो आणायचा, मांडायचा, फोटो काढायचा. स्पर्धेतले किल्ले तर बघण्यासारखे असतात. बाप रात्ररात्र जागून बुरूज मोजून करतात. पुढे पाटी असते, ‘हात लावू नये’. आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप, ते पोरगं पाटीच्या अलीकडे, हात मागे बांधून, आपल्याच गडाबाहेर उभं.

एक दिवस मी भाच्याला राइसविट्झ बापलेकांची गोष्ट सांगितली. उपदेश केला नाही. मामाने उपदेश केला की भाचा मोबाईल काढतो. तो नुसता म्हणाला, ‘पोरगा हुशार होता बे!’ मग जीभ चावून म्हणाला, ‘सॉरी मामा.’

पुढच्या शनिवारी जिन्यात चार जोड चपला दिसल्या. टेबलावर खडूने आखलेल्या खोल्या, आणि भाच्याचे तुकडे फक्त जिथे गंमत आहे तिथे: एक दार, एक जिना, एक विहीर. पुढचा भाग टॉवेलखाली झाकलेला. शेजारी चिवडा. खालच्या मजल्यावरची दोन पोरंही शिरली होती आणि त्यातल्या एकाने येताना चपलांचं खोकं आणलं होतं. तो म्हणाला, हा राक्षसाचा वाडा. कोणी हरकत घेतली नाही.

बँकेत आम्ही वापरातल्या खुर्चीवर दरसाल घसारा लावतो. राजाच्या टेबलावर तो फारसा लागला नसणार. भाच्याच्या जिन्याची मात्र पहिल्याच रात्री एक पायरी तुटली. ती त्याने फेव्हिकॉलने चिकटवली आणि खेळ पुढे चालू झाला.